एजंट पुन्हा चुकीची ऑर्डर तयार करतोय? आधी टूलचं वर्णन उघडा

कोल्हापूरजवळच्या हुपरीचा चांदी कारखानदार. घरात साठा पडून आहे, भाव उतरायची धास्ती आहे म्हणून वायद्यात आधीच विक्री करून ठेवायची आहे. तो ट्रेडिंग प्लॅटफॉर्मवर ऑर्डर भरणाऱ्या एआय एजंटाला सांगतो, ‘बारा किलो चांदी विकून ठेव.’ एजंट एमसीएक्स या वायदे बाजारातल्या चांदी मिनी कराराच्या १२ लॉटची (लॉट म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप) ऑर्डर तयार करतो. मिनीचा लॉट ५ किलोचा, म्हणजे ६० किलो. एजंट बनवणारे तुम्ही सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटाला दिलेल्या कायमच्या सूचनांत) एक ओळ घालता, ‘लॉट नीट मोज.’ काही दिवस बरे जातात. मग तोच १२ चा आकडा चांदीच्या मोठ्या करारावर पडतो. तिथे लॉट ३० किलोचा, म्हणजे ३६० किलो. हिशेबाच्या सोयीसाठी किलोला एक लाख धरले तरी हवं होतं १२ लाखांचं संरक्षण आणि समोर उभा राहिला ३ कोटी ६० लाखांचा सौदा. खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी लागणारी अनामत, नसते म्हणून असल्या ऑर्डरी बहुतेक वेळा नाकारल्या जातात. एखाद्या दिवशी मार्जिन असतं.

प्रॉम्प्टमध्ये ओळी वाढवून हा बिघाड जात नाही, तो जागा बदलतो. ट्रेडिंग प्लॅटफॉर्मच्या एपीआयची (प्रोग्रॅमने प्लॅटफॉर्मशी बोलायच्या सोयीची) माहिती माणूस प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली असते. माणूस ती वाचतो, उदाहरण चालवून बघतो, टर्मिनलवर लॉट बघतो, अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंटाच्या वाट्याला येतं टूलचं, म्हणजे त्याला बोलवता येणाऱ्या फंक्शनचं, नाव, वर्णनाच्या दोन-चार ओळी आणि पॅरामीटरची (भरायच्या रकान्यांची) यादी. ‘एमसीएक्ससाठी क्वांटिटी लॉटमध्ये द्यावी’ ही सूचना संकेतस्थळावर तळटीपेत असेल, तर एजंटाच्या लेखी ती नाहीच. मग तो अंदाज करतो. अंदाज दहातले आठ वेळा बरोबर येतो, आणि म्हणूनच दोष मॉडेलच्या लहरीवर ढकलला जातो.

पुढची टूलांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती रोमनच ठेवा.

पहिलं काम: एजंटाला नक्की काय दिसतंय ते बघा

बहुतेक जण इथूनच घसरतात. आपण सोर्समध्ये लिहिलेलं वर्णन वाचतो आणि एजंटानेही तेच वाचलं असं धरून चालतो. एजंटाला टूलं पुरवणारं तुमचं सर्व्हर मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या एमसीपीवर चालत असेल, तर टूलांची यादी मागणाऱ्या विनंतीला जे उत्तर जातं ते जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवून घ्या. त्यात हमखास सापडणाऱ्या गोष्टी अशा:

ओपनएपीआय फाइलमधून (एपीआयच्या मशीनने वाचायच्या वर्णनातून) टूलं आपोआप बनवली असतील तर वर्णनात ‘ऑर्डर देते’ एवढंच उरलेलं असतं. पॅरामीटरची वर्णनं फ्रेमवर्कने गाळलेली असतात. काही फ्रेमवर्कमध्ये पायथनच्या डॉकस्ट्रिंगमधला (फंक्शनसोबत लिहिलेल्या वर्णनातला) पहिलाच परिच्छेद उचलला जातो, खालचा तपशील जात नाही. आणि ‘दुरुस्त केलं तरी परत तेच’ या तक्रारीचं नेहमीचं कारण म्हणजे क्लायंटाने, म्हणजे एजंट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, जुनी यादी धरून ठेवलेली असते. एमसीपीत यादी बदलल्याची सूचना पाठवायची सोय आहे, पण सर्व्हरने ती पाठवली पाहिजे आणि क्लायंटाने ऐकली पाहिजे. खात्री नसेल तर वर्णन बदलल्यावर दोन्ही बाजू बंद करून पुन्हा चालू करा. वर्णनाला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्रत्येक टूल-कॉलच्या लॉगमध्ये तो छापा. नाहीतर कोणत्या वर्णनावर चूक झाली हे कधीच कळणार नाही.

मग ती यादी कागदावर छापून हा प्लॅटफॉर्म कधी न वापरलेल्या माणसाला द्या आणि सांगा, ‘यावरून १२ किलो चांदी विकायची ऑर्डर भर.’ त्याला जो प्रश्न विचारावासा वाटेल, त्याचं उत्तर वर्णनात नाही. महागड्या चाचणी-साधनांपेक्षा यात जास्त सापडतं.

क्वांटिटी: एका शब्दात तीन मापं

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा तपशिलात जाऊ. एमसीएक्सवरचे करार आणि त्यांची मापं:

चांदी: लॉट ३० किलो, भाव किलोमागे, भाव १ रुपया हलला की लॉटमागे ३० रुपये.
चांदी मिनी: लॉट ५ किलो, भाव किलोमागे, ५ रुपये.
चांदी मायक्रो: लॉट १ किलो, भाव किलोमागे; १ रुपया.
सोनं: लॉट १ किलो, पण भाव १० ग्रॅममागे, १०० रुपये.
सोनं मिनी: लॉट १०० ग्रॅम, भाव १० ग्रॅममागे, १० रुपये.
सोनं गिनी: लॉट ८ ग्रॅम आणि भावही ८ ग्रॅममागे, १ रुपया.
सोनं पेटल: लॉट १ ग्रॅम, भाव १ ग्रॅममागे, १ रुपया.

म्हणजे चांदीत ‘भाव गुणिले किलो’ चालतं, सोन्यात तेच सूत्र लावलं की आकडा शंभरपटीने चुकतो. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाला हे सांगावं लागत नाही, कारण तो सोनं तोळ्यावर बोलतो आणि आजचा व्यवहारातला तोळा १० ग्रॅमचाच आहे. तिथल्याच गूळ बाजारात भाव क्विंटलवर निघतो, तिथे कोणी किलोचा आकडा धरणार नाही. ही मापं माणसाच्या अंगवळणी असतात. एजंटाला ती शब्दांत द्यावी लागतात.

यात भर म्हणजे शेअर आणि निर्देशांकाचे वायदे. बऱ्याच ब्रोकरांच्या एपीआयमध्ये निफ्टीसाठी ‘क्वांटिटी’ म्हणजे नग, आणि तो आकडा लॉटच्या पटीत हवा. एमसीएक्ससाठी त्याच रकान्यात लॉटची संख्या. रकाना एकच, अर्थ दोन. शिवाय लॉट स्थिर नसतो. निफ्टीचा लॉट नोव्हेंबर २०२४ पासूनच्या नव्या करारांसाठी २५ वरून ७५ झाला, पुढेही त्यात बदल झाले. मॉडेलने शिकताना वाचलेला आकडा जुना असणारच. तेव्हा लॉटचा आकार वर्णनात लिहू नका. तो रोजच्या करार-यादीतून सर्व्हरने काढावा.

दुरुस्ती अशी:

पॅरामीटरच्या नावातच माप घाला. ‘क्वांटिटी’ काढून टाका. ‘लॉट_संख्या’ आणि ‘शेअर_नग’ असे दोन वेगळे रकाने ठेवा, दोन्ही एकदम आले तर सर्व्हरने नकार द्यावा. नाव प्रत्येक वेळी नजरेखालून जातं, तळटीप जात नाही.

गुणाकार-भागाकार एजंटावर सोडू नका. ‘वजन_ते_लॉट’ असं छोटं टूल करा. त्याला धातू आणि वजन द्यायचं. ते पर्याय परत देईल. १२ किलोसाठी उत्तर असं यावं: ‘मिनी २ लॉट (१० किलो) + मायक्रो २ लॉट (२ किलो) = १२ किलो’, ‘मायक्रो १२ लॉट = १२ किलो’, ‘मिनी २ लॉट = १० किलो, २ किलो उघडे’. निवड माणसाची.

आराखडा आणि ऑर्डर वेगळे ठेवा. पहिलं टूल फक्त आराखडा बनवेल आणि साध्या भाषेत सांगेल: ‘विक्री, चांदी मिनी, २ लॉट, एकूण १० किलो, अंदाजे मूल्य इतकं, लागणारं मार्जिन इतकं.’ ऑर्डर पाठवायला लागणारी मंजुरीची खूण माणसाने बटण दाबल्यावरच तयार व्हावी आणि मिनिटभरात बाद व्हावी. ती खूण आराखड्याच्या उत्तरातच दिली तर एजंट ती स्वतःच उचलून पुढच्या कॉलमध्ये घालेल, आणि मंजुरी नावापुरती राहील. हे सर्रास घडतं.

जुनं वर्णन बहुधा असं असतं: ‘ऑर्डर देते. सिम्बॉल, क्वांटिटी, किंमत आणि प्रकार द्यावा.’ त्याजागी असं लिहा:

‘सौद्याचा आराखडा तयार करतं; बाजारात काहीही पाठवत नाही. एमसीएक्स आणि निर्देशांकाच्या वायद्यांसाठी लॉट_संख्या द्या, शेअरसाठी शेअर_नग द्या. वापरणाऱ्याने किलो, ग्रॅम किंवा तोळे सांगितले असतील तर लॉट स्वतः मोजू नका, आधी वजन_ते_लॉट बोलवा. वजन लॉटमध्ये बसत नसेल तर जवळचा आकडा धरू नका, विचारा. करार_आयडी फक्त करार_शोधा या टूलच्या उत्तरातला चालतो. वायद्यात हातात माल नसतानाही विक्री करता येते. विक्रीआधी होल्डिंग तपासण्याची गरज नाही.’

शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण ते नसेल तर एजंट होल्डिंग बघतो, तिथे चांदी सापडत नाही आणि तो ‘तुमच्याकडे विकायला चांदी नाही’ असं सांगून मोकळा होतो. कारखानदाराच्या तिजोरीतली चांदी डिमॅट खात्यात कशी दिसेल?

करार चुकीचा निवडला जातो

वर ३६० किलोचं उदाहरण आलं, ते बहुधा या वाटेने घडतं. एमसीएक्सवर चांदीचा मोठा करार मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबरचा. मिनी आणि मायक्रो फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे. एजंट ‘मे’ महिना धरून मिनीचा सिम्बॉल (कराराचं सांकेतिक नाव) स्वतःच जुळवतो. तसा करार अस्तित्वात नसतो. सर्व्हर म्हणतं, ‘सिम्बॉल सापडला नाही.’ एजंट चिकाटीने दुसरा प्रयत्न करतो, ‘मिनी’ काढून टाकतो, मेचा मोठा करार सापडतो, आणि लॉटचा आकडा तसाच पुढे जातो. लॉग वाचलात तर या तीन पायऱ्या ओळीने दिसतील.

उपाय वर्णनात अर्धा आणि सर्व्हरमध्ये अर्धा आहे. ऑर्डरच्या टूलला सिम्बॉलचा मजकूर घेऊच देऊ नका. ‘करार_शोधा’ने दिलेला आयडीच घ्या, आणि तो आयडी त्याच संभाषणात दिला गेला होता का हे सर्व्हरने ताडून बघावं. ‘करार_शोधा’च्या उत्तरात प्रत्येक कराराबरोबर लॉटचं वजन, संपण्याची तारीख आणि भाव कशामागे आहे हे शब्दांत द्या. करार नसेल तर नुसतं ‘सापडला नाही’ म्हणू नका. ‘चांदी मिनीचा मेचा करार नसतो, उपलब्ध: एप्रिल, जून. मोठा करार पर्याय म्हणून वापरू नका’ असं म्हणा.

संपण्याचा वारही एजंटाला काढू देऊ नका. एनएसईचे निर्देशांकाचे करार वर्षानुवर्षं गुरुवारी संपत. १ सप्टेंबर २०२५ पासून ते मंगळवारी संपतात. मॉडेलच्या डोक्यात गुरुवार घट्ट बसलेला असतो. तसंच, डिलिव्हरीचा काळ जवळ आला की बरेच ब्रोकर कमोडिटीत नवीन सौदा घेऊ देत नाहीत; ‘सर्वात जवळचा महिना’ हा आपसूक पर्याय ठेवलात तर महिन्यातले काही दिवस ऑर्डर हमखास अडणार.

करार-यादी रोज सकाळी बाजार उघडण्याआधी उतरवा. ती पूर्ण यादी एजंटाला देणारं टूल असेल तर आजच काढा. हजारो ओळी संभाषणात ओतल्या की आधीच्या सूचना मागे पडतात. दहा निकालांची मर्यादा पुरते.

‘ऑर्डर गेली’ आणि ‘सौदा झाला’

एजंट सांगतो, ‘विक्री झाली.’ प्रत्यक्षात ऑर्डर भावाची वाट बघत पडलेली, किंवा नाकारलेली. कारण ऑर्डरच्या टूलने ‘यशस्वी’ आणि एक क्रमांक दिला होता, आणि त्या ‘यशस्वी’चा अर्थ फक्त ‘ब्रोकरने विनंती घेतली’ इतकाच होता.

उत्तरातला शब्द बदला. ‘यशस्वी’ऐवजी ‘ब्रोकरकडे पोहोचली, सौदा झाला की नाही ते ऑर्डर_स्थिती विचारल्यावरच कळेल’ असं वाक्यच परत द्या. ‘ऑर्डर_स्थिती’च्या वर्णनात प्रत्येक अवस्थेचा अर्थ लिहा: खुली, ट्रिगरच्या प्रतीक्षेत, अंशतः झालेली, पूर्ण, रद्द, नाकारलेली. अंशतः झालेल्यात ‘किती झाले, किती बाकी’ हे दोन्ही आकडे मापासकट द्या.

स्टॉपलॉसची (तोटा रोखायला ठेवलेल्या ऑर्डरची) दिशा हा आणखी एक ठरलेला घोळ. विक्रीच्या स्टॉपलॉसमध्ये ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो) चालू भावाच्या खाली, आणि लिमिट किंमत ट्रिगरइतकी किंवा त्याखाली. खरेदीत बरोबर उलट. हा नियम शब्दांत आणि एका आकड्यांच्या उदाहरणासह लिहा, पण पहारा सर्व्हरवरच ठेवा. एनएसईवर ऑप्शनसाठी एसएल-एम (ट्रिगर लागताच बाजारभावाने जाणारा स्टॉपलॉस) हा प्रकार २०२१ पासून बंद आहे. तो पर्याय टूलच्या पर्यायांच्या यादीतून ऑप्शनपुरता काढता येत नसेल तर ऑप्शनचं टूल वेगळं करा.

टाइमआउटनंतर दुप्पट सौदा

नेट अडखळलं, उत्तर आलं नाही, एजंटाने पुन्हा पाठवली, दोन्ही गेल्या. भाव वाचणारं टूल कितीही वेळा पुन्हा बोलवलं तरी बिघडत नाही. ऑर्डरचं टूल तसं नाही. हा फरक वर्णनातून दिसला पाहिजे. एमसीपीत टूल फक्त वाचतं का, नुकसान करू शकतं का, पुन्हा बोलवलं तर परिणाम तोच राहतो का, असं सांगणाऱ्या खुणा आहेत. त्या जरूर भरा, पण क्लायंटाने त्या पाळल्याच पाहिजेत असं बंधन नाही. त्या इशारेवजा आहेत. विसंबायचं ते सर्व्हरवर: प्रत्येक आराखड्याला एकच क्रमांक, तो ब्रोकरच्या टॅगच्या रकान्यात घालायचा (अक्षरांची मर्यादा आधी तपासा), आणि त्याच क्रमांकाची दुसरी ऑर्डर आली तर नवीन न पाठवता पहिलीची स्थिती परत द्यायची. वर्णनात एक ओळ पुरे: ‘उत्तर आलं नाही तर पुन्हा बोलवू नका, ऑर्डर_स्थितीला आराखडा क्रमांक देऊन बघा.’

वेळ साडेपाच तासांनी सरकते

ओळखायची खूण सोपी आहे. शेअर बाजाराची पहिली कँडल (ठरावीक वेळेतल्या भावांची नोंद) ०९:१५ ऐवजी ०३:४५ ला दिसली, तर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. एजंट ती भारतीय वेळ समजून ‘पहाटे मोठी उलाढाल झाली’ असलं विश्लेषण बेधडक लिहितो. प्रत्येक वेळेबरोबर ‘+०५:३०’ द्या, नुसता युनिक्स आकडा (सेकंदांत मोजलेली वेळ) कधीच देऊ नका.

दुसरी गोष्ट तारखांच्या पट्ट्याची: ‘पर्यंत’च्या रकान्यात नुसती तारीख दिली की बऱ्याच एपीआय ती मध्यरात्रीचे बारा धरतात आणि शेवटचा दिवस गळतो. तिसरी, बाजार चालू आहे का हे एजंटाला घड्याळावरून ठरवू देऊ नका. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो. एमसीएक्सवर सोनं-चांदी रात्री साडेअकरापर्यंत, आणि अमेरिकेतली उन्हाळी वेळ संपली की ११:५५ पर्यंत. सुट्ट्याही दोन्हीकडे सारख्या नसतात. ‘बाजार_स्थिती’ हे टूल द्या आणि बाजाराचं नाव त्यात सक्तीचं करा.

एरर वाचून एजंट गोल गोल फिरतो

ब्रोकरचा कच्चा एरर कोड जसाच्या तसा पुढे ढकलू नका. एजंटासाठी एररमध्ये तीन गोष्टी हव्यात: काय झालं, पुन्हा करण्यात अर्थ आहे का, आणि आता काय करायचं. ‘मार्जिन कमी: लागतात इतके, आहेत इतके. पुन्हा पाठवून उपयोग नाही. लॉट स्वतः कमी करू नका, वापरणाऱ्याला सांगा.’ यातलं ‘लॉट स्वतः कमी करू नका’ सोडलंत तर एजंट मदतीच्या भावनेने १२ चे ७ करून टाकेल. एमसीपी वापरत असाल तर असे एरर टूलच्या निकालात चुकीची खूण लावून पाठवा. प्रोटोकॉलच्या पातळीवरचा एरर मॉडेलपर्यंत पोहोचेलच असं नाही.

भाव दिसतायत, पण ऑर्डर मात्र प्रत्येक वेळी नाकारली जाते, असं असेल तर आयपी पत्ता तपासा. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो (प्रोग्रॅमने होणाऱ्या) ट्रेडिंगची चौकट बदलली आणि एपीआयमधून ऑर्डर देण्यासाठी ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) लागतो. राजारामपुरीतल्या ऑफिसात घरगुती ब्रॉडबँडवर चालवाल तर लाईट जाऊन आल्यावर राउटर नवा पत्ता घेऊन बसतो. नेट कंपनीकडून स्थिर आयपी घ्या किंवा स्थिर पत्त्याच्या क्लाउड सर्व्हरवरून ऑर्डर पाठवा. एजंटाला मात्र एवढंच सांगा: ‘हा दोष तुझ्याकडून सुटणार नाही, थांब.’ लॉगिनचंही तसंच. लॉगिनचं टोकन (तात्पुरता परवाना) रोज बाद होतं आणि नवं लॉगिन दोन टप्प्यांच्या ओळखीसह माणसानेच करायचं असतं. ही ओळ वर्णनात नसेल तर एजंट पासवर्ड आणि ओटीपी मागत बसतो, आणि वापरणारा चॅटमध्ये तो देऊनही टाकतो.

टूलं जास्त, निवड चुकीची

‘कोट’, ‘एलटीपी’, ‘ओएचएलसी’, ‘डेप्थ’ अशी भाव दाखवणारी चार टूलं ब्रोकरच्या एपीआयमध्ये आहेत म्हणून एजंटालाही चार द्यायलाच हवीत असं नाही. एकच ‘भाव_बघा’ करा. उलट ‘होल्डिंग’ आणि ‘पोझिशन’ मात्र वेगळीच ठेवा आणि प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्याचं नाव घ्या: ‘डिमॅटमधले शेअर. वायद्यातले उघडे सौदे इथे दिसत नाहीत, त्यासाठी पोझिशन_बघा.’ विक्रीच्या उघड्या सौद्यात नग ऋण दिसतात, तेही लिहा. नाहीतर ‘सौदा काप’ म्हटल्यावर एजंट पुन्हा विक्रीच टाकतो. ‘हे कधी वापरू नये’ ही ओळ ‘कधी वापरावं’पेक्षा जास्त कामाची ठरते.

बातम्या वाचणारं टूल आणि ऑर्डरचं टूल एकाच एजंटाला देताना जपा. बातमीच्या मजकुरात कोणी ‘हा शेअर ताबडतोब घे’ अशी सूचना पेरून ठेवली तर एजंट ती आज्ञा समजू शकतो. वर्णनातल्या इशाऱ्याने हे थांबत नाही. माणसाच्या मंजुरीने थांबतं.

मराठीतून आलेले आकडे

वर्णन इंग्रजीत ठेवलं तरी हरकत नाही. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) जास्त लागतात, आणि मॉडेलला दोन्ही कळतं. पण आपल्याकडचं बोलणं उदाहरणांत आलंच पाहिजे. ‘सव्वाशे’ १२५, ‘पावणेदोनशे’ १७५, ‘अडीच हजार’ २,५००, ‘पावणेदोन लाख’ १,७५,०००. यातलं ‘पावणे’ सर्वात जास्त चुकतं. किंमत मजकूर म्हणून घ्या, स्वल्पविराम सर्व्हरने काढावेत. दशांश अपूर्णांक मशीनच्या आकड्यात घेतला की १०१.१० चे १०१.०९९९ होतात आणि टिकमध्ये (भावाच्या किमान पायरीत) न बसल्याने ऑर्डर परत येते. पैशांत पूर्णांक घेण्याची पद्धत प्रोग्रॅमरला आवडते, पण एजंट अधूनमधून रुपयेच भरतो. त्यापेक्षा ‘किंमत_रुपये’ बरं.

‘काढून टाक’ म्हणजे पडलेली ऑर्डर रद्द करायची की उघडा सौदा बंद करायचा? दोन्ही अर्थाने लोक बोलतात. ‘ऑर्डर_रद्द’च्या वर्णनात लिहा: ऑर्डरही पडून असेल आणि सौदाही उघडा असेल तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्णन बदललं की चाचणी

वर्णन हा मजकूर असला तरी त्याला कोडइतकीच चाचणी लागते, कारण एका टूलची ओळ बदलली की शेजारच्या टूलची निवड हलते. लोक खरंच बोलतात तशी पंचवीस-तीस वाक्यं जमवा: ‘बारा किलो चांदी विकून ठेव’, ‘कालची ऑर्डर काढून टाक’, ‘पाच तोळे सोनं घे’, ‘माझ्याकडे काय काय आहे’, ‘मिनीचा मेचा भाव सांग’. प्रत्येकासमोर अपेक्षित टूल, अपेक्षित पॅरामीटर आणि जिथे थांबून विचारणं हेच बरोबर उत्तर आहे तिथे तसं लिहून ठेवा. ब्रोकरच्या जागी खोटं सर्व्हर लावा आणि प्रत्येक वाक्य निदान पाच वेळा चालवा. एकदा बरोबर आलेलं दुसऱ्यांदा येईलच असं नसतं. पाचपैकी चार बरोबर आले तर ते वाक्य नापास धरा. ऑर्डरच्या बाबतीत ऐंशी टक्के हा पास होण्याचा आकडा नाही.

खोट्या सर्व्हरमध्ये टाइमआउट, मार्जिन कमी, बाद टोकन आणि अर्धवट सौदा मुद्दाम घडवून आणा. सगळं सुरळीत असताना एजंट क्वचितच चुकतो. मॉडेलची आवृत्ती बदलली, एक्स्चेंजने लॉट बदलला किंवा ब्रोकरने एपीआयचा रकाना बदलला, की हीच वाक्यं पुन्हा चालवायची, आणि एक्स्चेंजचं परिपत्रक रोज वाचायचं काम संघातल्या एका माणसाच्या नावावर लिहून द्यायचं.